पिवळ्या ओळींची बाई

आमच्या पाणीसंस्थेत चंदनबाला खोतला पाठीमागं ‘पिवळी’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, तेवढी लाज अजून शिल्लक आहे. पण ती व्हरांड्यातून गेली की पंपावरचे गडी एकमेकांना डोळे घालतात आणि कुणीतरी विचारतो, "काय गड्या, आज किती वळी पिवळ्या?" मग हशा. मला तो हशा सहन होत नाही. मी संस्थेत ठराव लिहिते, अर्ज घेते, सभासदांची भांडणं ऐकून घेते, आणि माझं टेबल चंदनच्या टेबलाला लागून आहे. त्या पिवळ्या ओळी मी तिच्या खांद्यावरून रोज पाहिल्या आहेत. राग आला की लिहून काढल्याशिवाय मला जेवण जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

चंदन मिरजेकडच्या जैन शेतकरी घरातली, ऊस आणि हळद बघत वाढलेली. विश्रामबागेतल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली, पुण्यात एका कंपनीत काही वर्षं काढली, आणि सासू अंथरुणाला खिळली तेव्हा सांगलीला परत आली. नवरा जयपाल विश्रामबागेतच जळालेल्या मोटारी रिवाइंड करून देतो. ती रोज एसटीनं आमच्या नदीकाठच्या गावात येते. सूर्यास्तानंतर ती जेवत नाही, म्हणून ऊन कललं की तिची पर्स खांद्याला लागते. यात कुणाचं काही बिघडायला नको होतं. पण आमच्या संचालक मंडळाची मीटिंग नेमकी दिवेलागणीनंतर असते, कारण मीटिंगच्या मागं जेवण असतं, आणि जेवण असल्याशिवाय आमचे संचालक पुरेसे जमत नाहीत. तिथं चंदनच्या कामाचे निर्णय होतात आणि चंदन तेव्हा घरी पोचलेली असते. मीटिंग दुपारी घ्या, असं मी चेअरमन बाळासो आण्णांना स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यांनी एक दिस जेवू नये की." वर हसले. त्या दिवशीचा चहा मी त्यांच्या कॅबिनमध्ये पाठवला नाही.

आमची संस्था नदीतून पाणी उचलते आणि चाऱ्यांमधून, म्हणजे लहान कालव्यांमधून, उसाला देते. पाणी सगळ्यांना एकदम मिळत नाही, पाळीनं मिळतं. आपली पाळी लागली की आपल्या दारावर, म्हणजे चारीतून शेतात पाणी घ्यायच्या फळीपाशी, हजर राहायचं. नाही राहिलं तर वरचा शेतकरी फळी सरकवतो आणि आपलं पाणी त्याच्या उसात जातं. पूर्वी धुळा पाटकरी सायकलवरून पाळीची हाळी देत फिरायचा. वाऱ्यात हाळी विरायची, मग ‘मला सांगितलंच न्हाई’ म्हणून खोरी उगारली जायची. धुळा निवृत्त झाला तेव्हा चंदननं कुणी न सांगता एक प्रोग्रॅम बसवला. पाळीच्या आदल्या दुपारी ज्याच्या त्याच्या फोनवर कॉल जातो आणि आवाज येतो, "नमस्कार. उद्या पहाटे आपल्या पाण्याची पाळी आहे. कृपया दारावर वेळेत हजर राहावे." आवाज चंदनचाच. पाइपांच्या स्टोअरमध्ये दार लावून तिनं तो रेकॉर्ड केला, कारण आमच्या हापिसात शांतता मिळेल अशी ती एकच जागा. त्यानंतर माझ्या टेबलापुढची भांडणं निम्म्यावर आली. याबद्दल तिला कुणी चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही.

या फोनवर सगळ्यात जास्त कुणाचं अडतं, तर शालूबाई मान्यांचं. शेवटच्या चारीच्या अगदी शेवटाला त्यांचं रान. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. मुलगा लष्करात, तिकडं राजस्थानात. सून आणि नात त्याच्या क्वार्टरवर. आक्का एकट्या रान बघतात. यंदा त्यांनी उसाची नवी लागण केली होती. कोवळा कोंब तो, चैत्राच्या उन्हात एक पाळी हुकली की करपलाच. वरच्या लोकांना चारीला पाणी आलेलं घरबसल्या दिसतं. आक्कांची वस्ती टेकाच्या पलीकडं, त्यांना फोनच लागतो. मी एकदा बारशाला त्या वस्तीवर गेले होते तेव्हा त्यांचा फोन वाजला. बाकीचे सभासद ‘नमस्कार’ ऐकून कट करतात. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं, "व्हय गं बाय, येते. गुडघा लय ठणकतोय, पर येते." मी म्हटलं, "आक्का, मशीन हाय ती." त्या म्हणाल्या, "असंना. एवढं सांगती, तिला व्हय तरी म्हनाय नगं?"

आता त्या पिवळ्या ओळी. असा प्रोग्रॅम कुणी सगळाच्या सगळा आपल्या हातानं लिहीत नाही, हे मला चंदननं समजावलं. फोन लावायचा तुकडा, तारखा मोजायचा तुकडा, आवाज वाजवायचा तुकडा, असे तुकडे जगभरच्या लोकांनी लिहून इंटरनेटवर ठेवलेले असतात. त्यांना पॅकेज म्हणायचं. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप केली की पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम जाऊन ते तुकडे आणतो, जागच्या जागी बसवतो, आणि आणता आणता काही सांगण्यासारखं असेल तर पिवळ्या अक्षरांत सांगतो. चंदनला तो कितीतरी महिने एकच सांगत होता: फोन लावायचा तुकडा ‘डेप्रिकेटेड’ झालाय. म्हणजे आज चालेल, पण यापुढं त्याला कुणी वाली नाही. एप्रिलपासून या वाटेनं फोन लागणार नाहीत. त्याऐवजी हा नवा तुकडा घ्या.

मला पहिल्यांदा त्या तुकडा लिहिणाऱ्याचाच राग आला. म्हटलं, हा कोण लागून गेला? आमचा ऊस इथं, पाणी इथं, आणि कुठला कोण बसल्या जागेवरून सांगतो की बंद करतोय? चंदन म्हणाली, "अंजनाताई, तो फुकट करत होता. आता त्याला जमत न्हाई. पण मुकाट्यानं न्हाई गेला. आधी सांगून, बदली काय घ्यायचं तेबी सांगून चाललाय. अशी किती माणसं बघितलीसा?" मी आठवून पाहिलं. आमच्या संस्थेत तर मधेच राजीनामा देणाऱ्यानं कपाटाच्या किल्ल्यासुद्धा घरी नेल्या होत्या. त्या दिवसापासून मला पिवळ्या ओळींबद्दल आदर वाटायला लागला.

पावसाळ्यात उपसा बंद असतो, पाळ्या नसतात. चंदन तेव्हाच आण्णांच्या कॅबिनमध्ये गेली. सही घ्यायच्या निमित्तानं मीही तिच्या मागं उभी होते.

"आण्णा, फोनच्या प्रोग्रॅमात बदल करावा लागतोय. दोन दिवस द्या."

"का? फोन जाईनात व्हय?"

"जात्यात. पण वॉर्निंग येतीया. एप्रिलात बंद पडणार."

"एरर हाय का?"

"न्हाई आण्णा, वॉर्निंग हाय."

"म्हंजे चालतंय."

"आत्ता चालतंय. एप्रिलात पाळ्या भरात असत्यात, तवा बंद पडलं तर लोकांनी काय करायचं? आत्ता मोकळा वेळ हाय."

"एप्रिल आल्यावर बघू की. चालतंय त्याला कशाला हात लावायचा?" मग ते खुर्चीत मागं रेलले. "आवं म्याडम, लाल असतं तर गोष्ट येगळी. पिवळंच हाय न्हवं? सांगलीच्या चौकात पिवळा दिवा लागला तर आपन थांबतो का कवा?"

कॅबिनमधले सगळे हसले. चंदन हसली नाही. ती म्हणाली, "मी थांबते, आण्णा." त्यावर तर जास्तच हसले. ‘पिवळी’ हे नाव त्या दिवशी पडलं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण चंदन बाहेर येऊन शांतपणे डबा उघडून बसली. मला कधीकधी तिच्या शांतपणाचाच राग येतो.

परवानगी नाही मिळाली तरी ती थांबली नाही. स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर तिनं त्या प्रोग्रॅमची नक्कल केली आणि दुपारच्या सुट्टीत एकेक तुकडा बदलायला घेतला. मला वाटलं होतं, जुना काढला, नवा लावला, संपलं. तसं नव्हतं. फोनचा तुकडा बदलला की त्यावर टेकलेला तारखांचा तुकडा कुरकुरायचा, तो बदलला की आवाजाचा. एक पिवळी ओळ गेली की तिच्या जागी दोन नव्या यायच्या. ती प्रत्येक ओळ वाचायची, तुकडा करणाऱ्यानं काय लिहून ठेवलंय ते शोधायची, मग हात घालायची. नव्या तुकड्यानं पहिला फोन मला केला आणि माझ्या कानात कुणीतरी बाई इंग्रजी वळणानं "नॅमॅस्कार" म्हणाली. मी दचकून फोन टेबलावर टाकला. चंदन इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिनं आपलं रेकॉर्डिंग त्यात नीट बसवलं. शेवटी एक दिवस तिनं आज्ञा टाइप केली, पॅकेज मॅनेजर गेला, सगळं घेऊन आला, आणि पडद्यावर एकही पिवळी ओळ नव्हती. ती बराच वेळ त्या पडद्याकडं बघत राहिली. आता फक्त हे संस्थेच्या मशिनीवर चढवायला हवं होतं, आणि त्यासाठी आण्णांचा होकार.

होकाराच्या जागी आला वीरधवल. आण्णांचा पुतण्या, पुण्यात कुठल्या तरी कंपनीत मोठ्या पगारावर. दिवाळीला गावी आला होता. दिवेलागणीनंतरच्या मीटिंगला आण्णा त्याला घेऊन आले. चंदन अर्थातच घरी गेली होती. मी ठराव लिहायला बसले होते. कुणीतरी विषय काढला, त्या बाई सारख्या पिवळं-पिवळं करत असतात, ते काय हाय बघा जरा. वीरधवलनं मशीन सुरू केलं, आज्ञा दिली, पिवळ्या ओळी आल्या. त्यानं त्या वाचल्यासुद्धा नाहीत. "काका, हे नॉर्मल असतं. सगळ्यांनाच येतं," असं म्हणाला, कुठल्याशा फाइलमध्ये एक ओळ टाइप केली, पुन्हा आज्ञा दिली. पडदा स्वच्छ. एक पिवळं अक्षर नाही. संचालकांनी टाळ्या वाजवल्या.

मी दुसऱ्या दिवशी चंदनला सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा पडला. "ताई, त्यानं दुरुस्त न्हाई केलं. त्यानं पॅकेज मॅनेजरला गप्प बस म्हणून सांगितलंय. मोठी चूक असली तरच बोल, न्हाईतर तोंड उघडू नको." मी विचारलं, "म्हंजे आत सगळं तसंच?" "तसंच. फक्त आता आपल्याला कुणी सांगणार न्हाई." ती आण्णांकडं गेली. आण्णांनी आधी तिचं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तुमाला महिनोनमहिने जमलं न्हाई, पोरानं चहा निवायच्या आत केलं. ह्याचं वाईट वाटणं साहजिक हाय." आणि त्याच दिवशी मशिनीचा पासवर्ड बदलला. आता हात लावायचा तो वीरधवलनंच, पुण्यातून. ज्या बाईनं तो प्रोग्रॅम जन्माला घातला तिला त्यात डोकवायचीसुद्धा बंदी. आक्कांची भाषा वापरायची तर, बाळंतिणीलाच खोलीबाहेर काढलं.

एप्रिल उजाडला. रोजच्या फोनांत चंदननं आपला स्वतःचा नंबर शेवटी घालून ठेवला होता, काम झालं की नाही ते कळावं म्हणून. त्या दुपारी तिचा फोन वाजला नाही. तिनं थोडी वाट पाहिली. मग पाळीतल्या एका सभासदाला विचारलं. त्यालाही आला नव्हता. मशीन तर चालू होतं, पडदा स्वच्छ होता, कारण पॅकेज मॅनेजर तुकडे आणायचं बघतो, फोन लागतात की नाही ते बघत नाही. तिनं वीरधवलला फोन लावला. तो म्हणाला, "माझ्याकडं सगळं क्लीन दिसतंय, मॅडम. तुमच्याकडं रेंजचा प्रॉब्लेम असेल." ती आण्णांकडं गेली. आण्णांनी विचारलं, "तक्रार आलीया का कुनाची?"

"अजून न्हाई."

"मग?"

ती परत जागेवर आली. भिंतीवर पाळ्यांचा तक्ता होता. उद्याच्या पाळीत शेवटचं नाव शालूबाईंचं. तिनं हापिसचा फोन पुढ्यात ओढला आणि पहिला नंबर लावला. पलीकडून "हॅलो" आलं. चंदन म्हणाली, "नमस्कार. उद्या पहाटे आपल्या पाण्याची पाळी आहे. कृपया—" पलीकडून फोन कट. दुसरा लावला. तोही कट. लोकांना वाटत होतं मशीनच बोलतंय. आवाज तोच, सूर तोच, शब्द तेच.

मी तिच्या हातातला रिसीव्हर धरला. "बास कर. एक दिवस गप्प बस. जाऊ दे पाणी. होऊ दे बोंब. पन्नास माणसं आण्णांच्या दारात येऊ देत, म्हंजे त्यांना कळंल पिवळं काय असतं ते." मी तावातावानं बोलत होते, सगळं हापिस बघत होतं.

चंदन म्हणाली, "ताई, तक्रार म्हंजे काय? आक्कांची लागण करपणं. तेवढ्यावर मला खरं ठरायचं न्हाई." आणि तिनं माझी बोटं सोडवून पुढचा नंबर लावला.

शेवटचा फोन आक्कांना. तिनं नेहमीचं वाक्य म्हटलं. मी शेजारी बसले होते, हापिसचा फोन मोठ्यानं बोलतो, मला सगळं ऐकू आलं. आक्कांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, "व्हय बाय. येते. गुडघ्यानं जीव नकोसा केलाय बघ, पर येते." चंदनचा हात फोन ठेवायला खाली गेला आणि थांबला. मग ती हळूच म्हणाली, "आक्का, एरंडाचं पान गरम करून बांधा."

मग आक्का म्हणाल्या, "बया! आता ऐकाय पन लागलीस व्हय?" आणि पान बांधते म्हणून फोन ठेवला.

त्या दिवसापासून रोज दुपारी, ऊन कलायच्या आत, चंदन ते फोन करत होती. डबा खायला वेळ मिळायचा नाही. लोक ‘नमस्कार’ला कट करायचे. तक्रार एकही आली नाही, येणार तरी कुठून? आणि तक्रार येत नाही म्हणून आण्णांना वाटत होतं, वीरधवलचं काम चोख आहे. मी किती वेळा त्यांच्या कॅबिनच्या दारापर्यंत गेले. चंदननं प्रत्येक वेळी मला मागं ओढलं. तिला भीती एकच, मशीन बंद आहे असं गावभर झालं तर आण्णा चिडून हापिसचा फोनही तिच्या हातातून काढून घेतील, आणि मग शेवटच्या चारीला सांगणारं कुणीच उरणार नाही.

अक्षय तृतीयेला संस्थेचा वर्धापनदिन. मांडव, खुर्च्या, माइक, मागं आमरसाचं जेवण. आदल्या दिवशी मला कार्यक्रम टाइप करायला दिला. त्यात लिहिलं होतं: संगणक प्रणालीतील अडचणी कायमच्या दूर केल्याबद्दल श्री. वीरधवल यांचा सत्कार. आणि खाली, तबक धरणे: सौ. चंदनबाला खोत. मी कागद घेऊन आण्णांकडं गेले. "आण्णा, हे बरं न्हाई." ते म्हणाले, "तबक धरायला बाईमानूसच शोभतं." मी म्हटलं, "मग मी धरते." ते म्हणाले, "तुमी इतिवृत्त लिवा."

तर चंदन उभी राहिली. साडी नेसून, हातात तबक, तबकात शाल, नारळ आणि फेट्याचं कापड. वीरधवलला फेटा बांधला, शाल घातली. आण्णा माइकवर म्हणाले, "आमच्या घरचा म्हनून सांगत न्हाई, पर ह्या पोरानं पिवळ्या वळींचा रोगच घालवला. ऐन उन्हाळा चालू हाय, एक तक्रार न्हाई!" टाळ्या कडकडल्या. इतिवृत्त लिहिताना मी पेन इतकं दाबलं की कागद फाटला. चंदन समोर बघत उभी होती. तबक हललंसुद्धा नाही.

"कुनाला काय बोलायचं असंल तर बोला," आण्णा म्हणाले. असं म्हटल्यावर सहसा कुणी बोलत नाही, सगळ्यांचं लक्ष आमरसाकडं असतं. पण बायकांच्या ओळीतून शालूआक्का उठल्या.

"मला बोलायचंय रं बाळासो."

"बोला की आक्का."

"ह्या पोराचं भलं हू दे. मशीन लय ग्वाड केली बघ त्यानं. आदी नुसती सांगायची. आता ऐकतीबी. गुडघ्याला एरंडाचं पान बांधा म्हनली, बांधलं, उतार पडला. मागल्या पाळीला म्हनली, आक्का, वरच्या दाराची फळी फुटलीया, पानी दमानं येईल, घाबरू नगा. तसंच झालं. पोरगा फौजेतनं फोन करतो, त्याला म्हनलं, तुझ्याआदी माझी चौकशी मशीन करती."

मांडवात कुजबुज झाली. आण्णा क्षणभर गोंधळले, पण गडी तयारीचा. त्यांनी लगेच माइक ओढला. "आक्का, त्याला एआय म्हनत्यात! वीरधवलनं एआय बसवलंय!" पुन्हा टाळ्या. वीरधवल मात्र फेट्याखाली पांढरा पडला. आपण काय बसवलंय आणि काय नाही, एवढं त्याला नक्की ठाऊक होतं. "काका, ऐका ना," असं तो पुटपुटला, पण आण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला गप्प केलं.

"नारळ आता आक्कांच्याच हातनं देऊ. या, आक्का, वर या."

आक्का गुडघा धरत व्यासपीठापाशी आल्या. पायरी उंच होती. चंदन तबक सावरत पुढं वाकली आणि हळूच म्हणाली, "आक्का, दमानं. पायरी उंच हाय."

आक्का तिथंच थांबल्या. एक पाय खाली, एक पायरीवर. त्यांनी मान वर करून चंदनकडं पाहिलं.

"परत बोल गं."

"काय आक्का?"

"नमस्कार म्हन."

चंदननं खाली बघितलं. माइक जवळच होता. मग तिनं, कितीतरी दुपारी म्हटलं होतं तसंच, एका सुरात म्हटलं, "नमस्कार. उद्या पहाटे आपल्या पाण्याची पाळी आहे. कृपया दारावर वेळेत हजर राहावे."

मांडवातल्या प्रत्येक माणसानं तो आवाज ओळखला. कित्येकांचा हात सवयीनं खिशातल्या फोनकडं गेला.

"आगं बया," आक्का म्हणाल्या. "मशीन तर हितं तबक धरून हुबी हाय की रं, बाळासो!"

मला मग राहवलं नाही. मी जागेवरून उठले आणि ओरडूनच सांगितलं, माइक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू गेलं. मशीन एप्रिलपासून बंद आहे. रोज दुपारी ही बाई उपाशीपोटी तुम्हाला फोन करते आणि तुम्ही ‘नमस्कार’ला कट करता. दुरुस्ती हिनं केव्हाच करून ठेवलीय, तिला हात लावायची बंदी आहे. आणि ज्यानं सांगणाऱ्याचं तोंड बांधलं, त्याच्या अंगावर शाल आहे. बोलता बोलता माझा आवाज फाटला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पंपावरचे गडी पायाकडं बघत होते.

आणि आण्णा काय म्हणाले असतील? ते चंदनकडं वळले आणि अगदी दुखावल्या सुरात म्हणाले, "म्याडम, मग हे आदी सांगायचं न्हवं का?"

हे मी इतिवृत्तात शब्दाला शब्द लिहिलं आहे. अजून वाचलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

उत्तर दिलं आक्कांनी. त्यांनी तबकातला नारळ उचलला, बघितला, परत ठेवला आणि वीरधवलला म्हणाल्या, "पोरा, हिची किल्ली हिला दे. उद्या माझी पाळी हाय." वीरधवलनं फेटा काढून खुर्चीवर ठेवला. पासवर्ड तिथंच, तिच्या फोनवर टाइप करून दिला, आणि एवढं म्हणाला की मॅडम, सॉरी, मी वाचलंच नव्हतं. त्या मांडवात सॉरी म्हणणारा तो एकटाच निघाला, म्हणून त्याच्यावरचा माझा राग थोडा कमी झाला. शाल मात्र तो घेऊन गेला.

चंदन जेवणाला थांबली नाही. मी आमरसाचं ताट झाकून तिच्यासाठी हापिसात नेलं. तिनं लॅपटॉपवरची नवी प्रत मशिनीवर चढवली, वीरधवलनं घातलेली ती गप्प बसवणारी ओळ स्वतःच्या हातानं काढून टाकली, आणि आज्ञा टाइप केली. पडदा स्वच्छ होता, या वेळी खरोखरचा. ऊन अजून कललं नव्हतं. बाहेर पंगती चालू होत्या. मग मांडवातून एकामागून एक फोन वाजायला लागले, इथं एक, तिथं एक. उद्याच्या पाळीतले सगळे. आणि मी खिडकीतून पाहिलं, जेवता जेवता लोकांनी रसानं माखलेला उजवा हात ताटावर धरून, डाव्या हातानं फोन कानाला धरले होते. कुणी कट केला नाही.

आक्का हापिसाच्या पायरीवर विसावल्या होत्या. त्यांचाही फोन वाजला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग नेहमीसारखं म्हणाल्या, "व्हय बाय, येते. पान बांधलंय. आज जरा बरं हाय." आणि फोन कानाला तसाच धरून वाट बघत राहिल्या. पलीकडून काही आलं नाही. त्यांनी वळून दारातून आत पाहिलं.

"बंद पडली काय गं परत?"

"न्हाई आक्का," चंदन म्हणाली. "आता सुरू झाली."

आक्कांनी फोन पदराला पुसला आणि कनवटीला खोचला.

"मग आता माझा गुडघा कोन इचारनार?"